आत्ताच का? : फायटर माशाच्या गूढ आजाराचं निदान

(सोलापूर येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



विषय जाहीर झाल्यावर सभागृहात हसू उमटलं. त्यामागचा प्रश्न मला रास्त वाटतो. ज्या व्यासपीठावरून इतिहास, साहित्य, राज्यकारभार यांवर बोललं जातं, तिथे बोटभर माशाच्या दुखण्यावर तासभर बोलायचं कारण काय? माझं कारण असं : निदान कसं करावं हे शिकायचं असेल, तर याच्याइतका चोख रोगी दुसरा नाही. तो बोलत नाही, कुठे दुखतं ते दाखवत नाही. पण त्याचं सगळं जग, म्हणजे पाणी, अन्न, उजेड आणि ऊब, आपणच त्याला दिलेलं असतं. रानातल्या प्राण्याला काय झालं हे शोधताना शंभर अज्ञात गोष्टी आड येतात. काचेच्या टाकीत जे बदललं, ते घरातल्याच कुणीतरी बदललेलं असतं, नाहीतर ऋतूने किंवा नळाने. तरीही ज्या घरात फायटर आहे, त्या घरात कधी ना कधी हे वाक्य ऐकू येतंच : काल चांगला होता, आज काय झालं कळत नाही. हा आजार बहुतेक वेळा गूढ नसतो, असं माझं ठाम मत आहे. प्रश्नांचा क्रम चुकल्यामुळे तो गूढ होतो. आपण पहिल्यांदा विचारतो, रोग कोणता? त्याआधी विचारायला हवं, आत्ताच का?

फायटरची ओळख या सभागृहाला करून द्यायला नको. मूळ थायलंडचा, भातखाचरांतला आणि उथळ पाणथळीतला मासा. बेट्टा स्प्लेंडेन्स हे त्याचं शास्त्रीय नाव. 2019 साली थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं. दोन नर एकत्र ठेवत नाहीत. हे सगळं आपल्याला ठाऊक आहे. मला थांबायचंय ते त्याच्या शरीरातल्या एका गोष्टीपाशी. कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत त्याला घड्या-घड्यांचा एक अवयव असतो. पृष्ठभागावर येऊन तो हवेचा घोट घेतो आणि त्या अवयवातून थेट हवेतला प्राणवायू रक्तात घेतो. आपल्या भीमेतला मरळ याच मोठ्या गणातला, तोही हवा घेतो. या देणगीमुळे फायटर अशा पाण्यात जगतो, जिथे इतर पुष्कळ मासे दुपारपर्यंत वर तरंगतील. आणि इथेच मालकाची फसगत होते. मासा जगतोय, म्हणजे पाणी चांगलं, असा निष्कर्ष काढला जातो. पण हवेतून मिळतो तो प्राणवायू. शरीरातला अमोनिया बाहेर टाकायला त्याला कल्लेच लागतात, आणि तो टाकायचा असतो त्याच पाण्यात. ते पाणी आधीच अमोनियाने भरलेलं असेल, तर कल्ले आतून-बाहेरून पोळत राहतात. इतर मासे तडकाफडकी मरून मालकाला इशारा देतात. फायटर तो इशारा देत नाही. तो आठवडेच्या आठवडे सोसत राहतो आणि मग एके दिवशी, आपल्या दृष्टीने अचानक, आजारी पडतो.

आता लक्षणांकडे पाहू. रंग उतरतो, पर अंगाशी मिटून घेतो, खाणं सोडतो, तळाशी किंवा एखाद्या पानावर पडून राहतो, कल्ले भराभर हलवतो. ही यादी अमोनियाच्या विषबाधेची आहे, क्लोरीनने पोळलेल्या कल्ल्यांची आहे, थंडीने गारठलेल्या माशाची आहे, परजीवींची आहे, जिवाणूंची आहे आणि म्हाताऱ्या माशाचीही आहे. पोट फुगून खवले उभे राहिले की लोक जलोदर म्हणतात आणि नाव मिळाल्याचं समाधान मानतात. पण तो रोग नव्हे. शरीरातलं पाणी बाहेर टाकणारी यंत्रणा, मुख्यतः मूत्रपिंड, कोलमडल्याची ती खूण आहे. ती कशाने कोलमडली हा प्रश्न शिल्लकच राहतो. म्हणजे नुसता मासा पाहून, त्याचा फोटो काढून दुकानदाराला दाखवून निदान होईल ही अपेक्षाच चुकीची. दुकानदाराचा यात दोष नाही. लक्षणांतून त्याला जे दिसू शकत नाही ते आपण त्याला विचारतो, आणि तो भल्या मनाने निळ्या किंवा पिवळ्या औषधाची बाटली देतो.

'आत्ताच का' याचं उत्तर सोलापुरात पुष्कळदा पाण्याच्या पाळीत सापडतं, असा माझा दावा आहे. उजनीचं पाणी जलवाहिनीने, भीमेच्या पात्रातून टाकळीमार्गे आणि काही भागाला हिप्परग्याच्या तलावातून, असं या शहरात येतं; आणि गेली अनेक वर्षं सोलापूरकराने नळाला तीन-चार-पाच दिवसांआड पाणी पाहिलेलं आहे. मधल्या दिवसांत पाणी मोलाचं असतं, म्हणून टाकीतलं बदललं जात नाही. विष्ठा आणि उरलेले दाणे कुजून अमोनिया तयार होतो. त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू कसे काम करतात, हे शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं आहे. एवढंच लक्षात ठेवा, की ते फिल्टरच्या स्पंजावर, वाळूवर, काचेवर राहतात आणि नव्या टाकीत त्यांचा जम बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मग पाळी येते. घरातली सगळी भांडी भरतात, आणि त्याच सकाळी बाउलही रिकामा करून, घासून, चकचकीत करून नळाच्या ताज्या पाण्याने भरला जातो. एका तासात तीन गोष्टी घडतात : जिवाणू धुऊन जातात, पाण्याचं तापमान आणि सामू एकदम बदलतो, आणि क्लोरीन थेट कल्ल्यांवर येतं. पिण्याच्या पाण्यात ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं, असं भारतीय मानक सांगतं, आणि माणसासाठी ते योग्यच आहे. माशाच्या कल्ल्यांना मात्र त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढं क्लोरीनही घातक ठरतं. स्वच्छतेचा दिवस हाच आजाराचा पहिला दिवस ठरतो, आणि स्वच्छतेवर संशय घ्यायचं कुणाच्या मनातही येत नाही. यात सोलापूरकराच्या पथ्यावर पडणारी एक गोष्ट आहे : साठवून ठेवायची सवय. उघड्या भांड्यात एक-दोन दिवस ठेवलेल्या पाण्यातलं क्लोरीन बहुतांशी उडून जातं. मागच्या पाळीचं साठवलेलं पाणी वापरा, आजचं नको, इतकं साधं उत्तर आहे.

बोअरच्या पाण्याचं गणित निराळं आहे. त्यात क्लोरीन नसतं, म्हणून ते निर्धोक समजलं जातं. पण आपल्या काळ्या बेसाल्टातलं पाणी जड आणि सहसा अल्कधर्मी असतं, आणि अमोनियाचं विषारीपण सामूवर अवलंबून असतं. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत राहतो, एक बरंचसं निरुपद्रवी आणि एक विषारी. 25 अंश सेल्सिअसला सामू 7 असेल, तर एकूण अमोनियातला अर्धा टक्क्याच्या आसपासच भाग विषारी रूपात असतो. सामू 8 झाला की तो पाच टक्क्यांवर जातो, आणि 9 झाला की एक तृतीयांशाहून अधिक होतो. तापमान वाढलं की तो आणखी वाढतो. म्हणजे मुंबईच्या मऊ पाण्यात जो निष्काळजीपणा खपून जाईल, तो एप्रिलमध्ये सोलापुरात बोअरच्या पाण्यावर खपत नाही. घाण तेवढीच, पण तिचं विष कित्येक पट. याच गणिताने दुसरं एक कोडंही सुटतं. परगावाहून पिशवीत आलेला मासा प्रवासात ठणठणीत असतो आणि घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी ढासळतो. बंद पिशवीत त्याच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, सामू उतरतो आणि जमलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडून तासभर आपलं पाणी थोडंथोडं मिसळत बसलं, की सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. पिशवीतलं पाणी आपल्या टाकीत घेऊ नये. तापमान जुळलं की माशाला उचलून सोडावं.

थंडीबद्दल थोडक्यात सांगतो. फायटरला 24 ते 28 अंशांचं पाणी मानवतं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री पारा पंधराच्या आसपास, कधी त्याखालीही जातो, आणि दोन लिटरच्या बाउलमधलं पाणी हवेबरोबरच थंड होतं. मासा मलूल होतो, खात नाही, घरातलं माणूस काळजीने जास्त दाणे टाकतं, दाणे कुजतात, आणि थंडीत तेच उपयोगी जिवाणूही मंदावलेले असतात. रोगजंतूचं नाव शोधायच्या आधी थर्मामीटर पाहावा, तो यासाठी.

इथे एका मोठ्या आजाराची हकीकत सांगायला हवी, आणि ती माझ्या टिपणातल्यापेक्षा लांबेल, कारण सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. 1971 साली जपानमध्ये गोड्या पाण्यातल्या आयु माशांच्या अंगावर जखमा दिसू लागल्या. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या खाड्यांमध्ये बोय जातीच्या माशांवर लाल चट्टे आले. तिथे त्याला लाल ठिपक्यांचा रोग म्हटलं गेलं. मग आग्नेय आशिया. एका देशातून दुसऱ्या देशात, नदीनदीने, भातखाचरांतून हा रोग सरकत राहिला. 1986 साली बँकॉकला तज्ज्ञांची बैठक झाली आणि व्रणांच्या साथीचा हा रोग कोणत्या नावाने ओळखायचा ते ठरलं, पण कारण ठरलं नव्हतं. 1988 साली तो बांगलादेशातून आपल्या ईशान्य भारतात आणि बंगालमध्ये शिरला आणि काही वर्षांत केरळपर्यंत पोचला. मरळ सर्वांत आधी आणि सर्वांत वाईट रीतीने पडले. लोकांनी मासे खाणं सोडलं, बाजार बसले, मच्छीमारांच्या चुली विझल्या. आणि संशोधक काय शोधत होते? जखमेतून एरोमोनास जिवाणू सापडला, तेव्हा कुणी त्याला गुन्हेगार ठरवलं. कुणाला विषाणू मिळाला, तेव्हा विषाणू ठरला. कीटकनाशकांवरही आरोप झाला. ज्याला जे सापडलं ते खरंच तिथे होतं, हे ध्यानात घ्या; उघड्या जखमेत कोण नसतं? नव्वदच्या दशकात जाऊन पक्कं झालं, की ऊती पोखरत आत शिरणारा बुरशीसारखा जीव, ॲफॅनोमायसिस इन्व्हाडन्स, हे मूळ कारण आहे. बाकीचे सगळे मागाहून आलेले. भुवनेश्वरच्या केंद्रीय मत्स्यसंस्थेने 'सिफॅक्स' नावाचं औषध काढलं, ते तळ्यांसाठी आजही वापरलं जातं.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि माझ्या मुद्द्यासाठी पुढचा भागच मोलाचा आहे. जीव सापडला, तरी तो प्रत्येक वेळी साथ का आणत नाही? साथी दिसत होत्या त्या मोठ्या पावसानंतर आणि पाणी थंडावल्यावर, साधारण 18 ते 22 अंशांच्या काळात. थंडाव्यात माशाची प्रतिकारशक्ती मंदावते आणि त्या जीवाचं मात्र बरं चालतं. ऑस्ट्रेलियात असंही दिसलं, की खाडीकाठच्या आम्लयुक्त जमिनींवरून पावसाचं पाणी वाहून आलं की माशांची कातडी पोळते आणि त्या पोळलेल्या जागी बीजाणू चिकटतात. म्हणजे 'कोण' याचं उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली होतं आणि 'आत्ताच का' याचं उत्तर पाण्यात. तळं वाचवायचं असेल तर पहिल्यापेक्षा दुसरं उत्तर अधिक कामाचं, कारण नदीतून तो जीव कुणी वेचून काढू शकत नाही, पण तळ्यात चुना टाकून पाण्याचा आम्लपणा शेतकरी कमी करू शकतो. देशोदेशीच्या प्रयोगशाळांना जिथे वीस वर्षं लागली, तिथे आपण बाउलसमोर पाच मिनिटांत रोगाचं नाव मागतो.

आता आक्षेप. चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यातली पहिली : त्याच पाण्यात माझे इतर मासे ठणठणीत आहेत, मग दोष पाण्याचा कसा? याचं उत्तर वरच्या हकीकतीतच आहे. व्रणांच्या साथीत मरळ मेले, पण चिलापी आणि सायप्रिनस बहुतेक वाचले. आज उजनीत ज्या चिलापीचं राज्य आहे, तिला हा रोग जवळजवळ लागत नाही. जातीजातीची सोसण्याची ताकद वेगळी असते. आणि एकाच जातीच्या दोन माशांतही वय असतं, आधीचा प्रवास असतो, आधीची उपासमार असते. फायटर साधारण दोन ते चार वर्षं जगतो, आणि दुकानात तो येतो तेव्हाच त्यातले बरेच महिने सरलेले असतात. पाण्याने दिलेला ताण सगळ्यांना सारखा. मोडतो तो सर्वांत दुबळा आधी. त्यामुळे 'एकच आजारी पडला' हा पाण्याच्या निर्दोषपणाचा पुरावा होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : औषध घातलं आणि मासा बरा झाला, मग जंतूच होता ना? औषधाच्या बाटलीवर काय लिहिलेलं असतं ते आठवा : अर्धं पाणी बदला, खाणं थांबवा, मग थेंब टाका. पाणी बदललं आणि कुजणारे दाणे थांबले, तर अमोनिया उतरणारच. बरं कशाने वाटलं, हे कसं ठरवायचं? जाड्या मिठाचा गुण तर मी मनापासून मान्य करतो. पण मिठातलं क्लोराइड कल्ल्यांतून आत शिरू पाहणाऱ्या नायट्राइटला अडवतं, म्हणूनही मीठ गुणकारी ठरतं. म्हणजे मिठाने बरा झालेला मासा पुष्कळदा पाण्याचाच रोगी असतो. निळं औषध, मेथिलीन ब्लू, नायट्राइटने बिघडलेलं रक्त पुन्हा प्राणवायू वाहण्याजोगं करायला मदत करतं, हे खरं. पण तेच औषध फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंना मारू शकतं, मग आठ दिवसांनी अमोनिया पुन्हा चढतो आणि रोग उलटला असं आपण म्हणतो. प्रतिजैविकांचं तर विचारूच नका. माणसाच्या गोळ्या फोडून टाकीत टाकायच्या आणि ते पाणी मोरीत ओतायचं, हे थांबलं पाहिजे. औषधांना न जुमानणारे जिवाणू त्या मोरीतून पुढे कुठे जातात, याचा विचार करणं प्रत्येक घराचं काम आहे.

खरे संसर्ग नसतातच, असं माझं म्हणणं मुळीच नाही. अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं आहे, म्हणून इथे भराभर जातो, पण हा भाग टाळता येणार नाही. अंधारात टॉर्च तिरपा धरून पाहिलं आणि अंगावर सोनेरी-तांबूस धूळ चमकली, तर तो मखमली रोग. परजीवी आहे, उजेडावर जगतो, म्हणून टाकी झाकून ठेवतात आणि औषध बरेच दिवस चालवावं लागतं, कारण पाण्यात पोहणाऱ्या अवस्थेतच त्याच्यावर औषध लागू पडतं. मिठाच्या कणांसारखे सुटे पांढरे ठिपके दिसले तर दुसरा परजीवी. त्यात पाणी थोडं उबदार केल्याचा माशाला फायदा होतो. पण पाठीवर खोगिरासारखा पांढुरका पट्टा आला किंवा तोंडाशी कापसासारखं काही दिसलं, तर ती बुरशी असेलच असं नाही. बहुधा कॉलम्नॅरिस हा जिवाणू असतो, आणि उबेने तो भडकतो. दोन्ही पांढरे, पण एकात माशाला ऊब तारते, दुसऱ्यात मारते. निदान न करता उपचार का करू नये, याचा याहून स्पष्ट पुरावा मला देता येणार नाही. आणि मासा महिनोन्महिने खात असूनही वाळत चालला, पाठ वाकली, तर क्षयाच्या कुळातल्या जिवाणूचा संशय घ्या. त्यातला मायकोबॅक्टेरियम मरिनम हातावरच्या जखमेतून माणसालाही होतो आणि न भरणारी गाठ येते. अशा टाकीत उघडी जखम घेऊन हात घालू नये, आणि तशी गाठ आलीच तर डॉक्टरांना मासे पाळत असल्याचं आवर्जून सांगावं. नाहीतर त्यांनाही कारण लवकर सापडत नाही.

शेवटची चिठ्ठी विचारते, की एवढ्याशा माशासाठी इतका खटाटोप कशाला, नवा आणता येतो. येतो. पण नवा त्याच पाण्यात, त्याच पाळीवर, त्याच बाउलमध्ये येईल आणि त्याच महिन्यात आजारी पडेल. जो जीव पूर्णपणे आपल्या हाती आहे त्याचं दुखणं समजून घेणं हे कर्तव्य आहे, त्याची किंमत कितीही असो. आणि ज्या मुलाने बाउलसमोर बसून तापमान, पाणी बदलल्याची तारीख, दाण्यांची संख्या वहीत लिहिली, ते मूल पुढे कुठल्याही रोग्याजवळ, कुठल्याही मेलेल्या माशांच्या तलावाकाठी योग्य प्रश्न विचारेल.

वेळ संपली आहे. एक विनंती करतो. घरी फायटर आजारी दिसला, तर औषध टाकण्याआधी पाणी पाळीचं की बोअरचं, शेवटचं कधी आणि किती बदललं, थर्मामीटर काय दाखवतो आणि या पंधरा दिवसांत टाकीत नवं काय आलं, हे कागदावर लिहा; अमोनिया, नायट्राइट आणि सामू तपासायच्या थेंबांच्या चाचण्या दुकानात मिळतात, त्या करा. मग निम्म्याहून कमी पाणी, साठवलेल्या आणि त्याच तापमानाच्या पाण्याने बदला, एक-दोन दिवस खाणं बंद ठेवा आणि पाहा. त्याने सुधारला नाही, तर टॉर्च घ्या आणि जंतूचा विचार करा. आणि मासा गेलाच, तर लगेच बाउल धुऊ नका. आधी त्यातलं पाणी एका स्वच्छ बाटलीत भरून, तारीख लिहून ठेवा. मासा जाणकाराला दाखवायचा असेल, तर काही तासांच्या आत, बर्फावर ठेवून न्या. फ्रीजरमध्ये गोठवला तर ऊती फुटतात आणि तपासणाऱ्याला फारसं काही दिसत नाही. आपल्या शेजारी उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. हा विषय शिकलेली माणसं तिथे आहेत, त्यांना विचारायला संकोच करू नका. विचारायला जाल तेव्हा मासा, पाण्याची बाटली आणि तो कागद, तिन्ही बरोबर न्या.